आई-बाबा, मुलगी आणि चार रात्री: बँकॉकच्या यादीतलं काय ठेवावं, काय काढावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डिसेंबरच्या शेवटी ठाण्याहून तुम्ही पाच जण निघताय. सत्तरीचे बाबा (गुडघे दुखतात), पूर्ण शाकाहारी आई, तुम्ही दोघं आणि अकरा वर्षांची मुलगी. एजंटनं दोन रात्री पट्टाया आणि दोन रात्री बँकॉक दिल्यात, आणि बँकॉकच्या दोन दिवसांत चौदा ठिकाणं बसवलीत. बाबांना देवळं बघायचीत, पत्नीला मनसोक्त खरेदी करायचीय, आईच्या जेवणाची काळजी आहे. आणि तुम्ही विचारताय की यातलं काय वगळू?

छोटे मराठी गट बँकॉकला नेणं हेच माझं काम, त्यामुळे अशा याद्या रोजच्या बघण्यात असतात. तुमच्या यादीतली ठिकाणं वाईट नाहीत. अडचण दोन गोष्टींची आहे: दुपारचं ऊन आणि रस्त्यावरची गर्दी. डिसेंबर म्हणजे तिथला सगळ्यात सुखाचा महिना, तरीही दुपारी पारा तिशी पार करतो आणि देवळांच्या संगमरवरी अंगणात सावली फारशी नसते. दुसरीकडे, नकाशावर चार किलोमीटर दिसणारं अंतर संध्याकाळी पाच वाजता गाडीनं तासभर खातं. म्हणून बँकॉक यादी हातात घेऊन बघायचं शहर नाही. सकाळी जुनं शहर, दुपारी एसीतलं काहीतरी, संध्याकाळी नदी किंवा बाजार, आणि एका दिवसात शहराचा एकच भाग. एवढं धरलंत तर निम्मी यादी आपोआप गळते आणि उरलेलं नीट बघून होतं.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच सांगते. तुमच्या मुक्कामात शनिवार-रविवार येतो का, हॉटेल कुठे आहे आणि बाबा सलग किती चालू शकतात, या तिन्हींवर खालचं सगळं थोडं थोडं बदलेल. बाबा अर्धा तास आरामात चालतात असं मी धरून चाललेय. तिकिटांचे दर मला माहीत आहेत ते लिहिते, पण ते बदलत असतात. निघायच्या आठवड्यात एकदा तपासून घ्या.

आधी पट्टाया. माझ्या मते ते काढून टाका. बँकॉकपासून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. जाणं, येणं, दोनदा सामान बांधणं यात तुमचा एक अख्खा दिवस जाईल, आणि समुद्र बघायचा तर ठाण्याहून अलिबाग-गुहागर आहेच. मुलीला वॉटर स्पोर्ट्सचा फारच हट्ट असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर चारही रात्री एकाच हॉटेलात काढा. बाबांच्या गुडघ्यांना याहून मोठा आराम दुसरा नाही.

हॉटेल निवडताना तारे कमी बघा, स्टेशन जास्त बघा. मी सहसा असोक भाग सुचवते. तिथे बीटीएस या उन्नत रेल्वेचं असोक स्टेशन आणि एमआरटी या भुयारी मेट्रोचं सुखुमवित स्टेशन एकमेकांना जोडलेली आहेत, आणि भारतीय जेवणाची हॉटेलंही जवळपास भरपूर आहेत. प्रतूनाममध्ये कपड्यांचा बाजार दाराशी मिळतो, पण बीटीएस गाठायला बरंच चालावं लागतं. आणि तुम्ही पाच जण आहात हे विसरू नका. साध्या टॅक्सीत चारच बसतात, म्हणजे दर वेळी दोन टॅक्सी किंवा मोठी गाडी. मेट्रोत हा प्रश्नच येत नाही. बीटीएस आणि एमआरटीची तिकिटं मात्र वेगवेगळी घ्यावी लागतात, आणि बऱ्याच स्टेशनांवर वर चढायला सरकता जिना असला तरी उतरायला साधाच असतो. बाबांसाठी लिफ्टची खूण शोधायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

आता राजवाडा. ग्रँड पॅलेस आणि त्याच्या आवारातलं वाट फ्रा क्यू म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ, हे यादीत पहिलंच असणार आणि ते असायलाच हवं. 1782 मध्ये पहिल्या रामा राजानं राजधानी नदीच्या या तीरावर आणली तेव्हापासूनचं हे ठिकाण. तिकीट परदेशी माणसाला 500 बाथ (बाथ हे तिथलं चलन). लहान मुलांना सवलत वयावर नाही, उंचीवर आहे: 120 सेंटिमीटरच्या आत असेल तरच फुकट, म्हणजे तुमच्या मुलीचं पूर्ण तिकीट लागेल. दरवाजा साडेआठला उघडतो. सव्वाआठला तिथे असा. दहा वाजता बसगाड्यांची रांग लागली की त्याच अंगणात पाय ठेवायला जागा राहत नाही. सुखुमवितहून एमआरटीची निळी लाइन थेट सनाम चाय स्टेशनला जाते. तिथून राजवाड्याचं प्रवेशद्वार चालत पंधराएक मिनिटांवर आहे, बाबांसाठी टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा करा. सनाम चाय स्टेशन आतून राजदरबारासारखं सजवलंय, तेव्हा धावतपळत बाहेर पडू नका.

कपड्यांबाबत ते लोक कडक आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स किंवा अंगाला चिकटलेली लेगिंग चालत नाही. आईंची साडी उत्तम, फक्त ब्लाउज बिनबाह्यांचा नको. बाबांनी अर्धी चड्डी घालू नये, गुडघ्याला पट्टा बांधायचा असेल तर तो पँटच्या आतून.

आत गेल्यावर बहुतेक गट सोनेरी स्तूपापुढे फोटो काढतात, पाचूच्या बुद्धाला नमस्कार करतात आणि बाहेर पडतात. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटरची आहे आणि खूप उंचावर बसवलीय, त्यामुळे बाबा म्हणतील, "एवढ्याचसाठी आलो?" त्यांना सांगा की उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंची तीन सोन्याची वस्त्रं तिला आहेत आणि ऋतू बदलला की खुद्द राजा ती बदलतो. आपल्याकडे देवाला ऋतूप्रमाणे चंदनाची उटी असते की नाही, तसंच. आत बसताना पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे नकोत. आतमध्ये फोटोही काढायचे नाहीत.

पण माझा खरा आग्रह आहे तो बाहेरच्या ओवऱ्यांचा. देवळाभोवती जो झाकलेला सोपा आहे, त्याच्या भिंतींवर 178 चित्रांत अख्खं रामाकियन, म्हणजे थायलंडचं रामायण रंगवलेलं आहे. सुरुवात उत्तरेकडच्या भिंतीच्या मध्यावर होते आणि चित्रं प्रदक्षिणेच्या दिशेनं पुढे जातात. सोप्यात सावली आहे, टेकायला कट्टे आहेत, आणि बाबांना एकही पाटी वाचायची गरज नाही. पांढरा वानर दिसला की तो हनुमान. हिरव्या तोंडाचा, अनेक शिरांचा तो थोत्साकान, म्हणजे दशकंठ रावण. मुलीला एक चित्र शोधायला लावा: हनुमान डोंगराएवढा झालाय, तोंड उघडलंय आणि त्याच्या जबड्यात एक अख्खा मंडप आहे. आपल्या अहिरावण-महिरावणाची जी गोष्ट, तिचाच हा थाई अवतार. मैयराप रामाला पळवायला येणार म्हणून हनुमानानं रामाचा मंडपच तोंडात धरून ठेवला. पुढे जाऊन बाबा बुचकळ्यात पडतील, कारण इथली सीता रावणाची मुलगी आहे, आणि इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. रावणाचीच जलकन्या सुवण्णमच्छा हिच्याशी त्याचं सूत जुळतं. माझ्या गटांतले आजोबा इथे हमखास वाद घालतात. घालू द्या, छान वेळ जातो. या सोप्याला पाऊण तास ठेवा, सिंहासनाच्या दालनांना वीस मिनिटं पुरतात.

त्याच 500 बाथच्या तिकिटात आणखी एक गोष्ट येते, जी एजंट लोक सहसा सांगत नाहीत: साला चालेर्मक्रुंग या राजनाट्यगृहातला खोनचा प्रयोग. खोन म्हणजे मुखवटे घालून केलेलं रामाकियनचं नृत्यनाट्य. 2018 मध्ये युनेस्कोनं ते आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. प्रयोग सोमवार ते शुक्रवार असतात, अर्ध्या तासाच्या आत संपतात आणि राजवाड्यापासून तिथवर फुकट गाडी असते. नाट्यगृह 1933 सालचं, एसी गार, खुर्च्या मऊ. सकाळी भिंतीवर बघितलेला हनुमान दुपारी रंगमंचावर कोलांट्या मारताना दिसला की अकरा वर्षांच्या पोरीला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. म्हणून राजवाडा शनिवार-रविवारी ठेवू नका, आठवड्यातल्या कामाच्या दिवशीच ठेवा.

राजवाड्याच्या आसपास एक गोष्ट नक्की घडेल. फुटपाथवर नीटनेटक्या कपड्यांतला, गोड बोलणारा एक माणूस म्हणेल, "आज राजवाडा बंद आहे, दुपारी उघडेल, तोवर टुकटुकनं दुसरी देवळं बघून या, फक्त वीस बाथ." ते टुकटुक तुम्हाला रत्नांच्या नाहीतर सूटच्या दुकानात नेऊन सोडतं. राजघराण्याचे विधी असले तर राजवाडा खरोखर बंद किंवा अर्धवट बंद असतो, पण ते आदल्या रात्री अधिकृत संकेतस्थळावर कळतं किंवा थेट दारावरच्या रक्षकाकडून. रस्त्यावरच्या कुणाकडूनही नाही. तुमच्या यादीत "जेम गॅलरी" लिहिलंय, तेही याच जातीतलं, फक्त एसी बसमधून नेलेलं. हिरे-माणकांची पारख नसेल तर बँकॉकमध्ये खडे घेऊ नका. एजंटला ते ठिकाण काढायला सांगा. तो कुरकुर करेल, कारण अशा थांब्यांवर बहुतेकदा कमिशन असतं.

नाट्यगृहातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर फाहुरात, म्हणजे तिथलं लिटल इंडिया. ताग्यांची दुकानं, पूजेचं सामान, समोसे, चहा आणि सोनेरी घुमटाचा मोठा गुरुद्वारा. सकाळच्या वेळी तिथे लंगर असतो. आईंना दुपारचं जेवण इथे निर्धास्त मिळेल. पलीकडेच सांपेंगची गल्ली सुरू होते: जेमतेम हात पसरता येतील एवढी रुंदी, दोन्ही बाजूंना हेअरक्लिप, बटणं, स्टेशनरी, खेळणी डझनाच्या भावात, आणि मधूनच हातगाडीवाला हाळी देत घुसतो. मुलीच्या वर्गात वाटायच्या भेटवस्तू इथेच घ्या. बाबांना मात्र त्या गल्लीत नेऊ नका, त्यांना चहाच्या टपरीवर बसवा. मग साम योत स्टेशनवरून मेट्रोनं थेट हॉटेल.

बाबांमध्ये तेव्हाही ताकद असेल तर साम योतजवळच आणखी एक जागा आहे. लाल रंगाचा 21 मीटर उंच सागवानी झोपाळ्याचा सांगाडा, साओ चिंग चा. शंकरासाठीच्या ब्राह्मणी विधीत तरुण यावर झोके घ्यायचे, 1935 पासून ते बंद झालं. शेजारी देवस्थान नावाचं 1784 सालचं ब्राह्मण मंदिर आहे: शंकर, गणपती आणि नारायण अशी तीन देवळं. दरबारातले ब्राह्मण आजही राजाचे विधी करतात, 2019 च्या राज्याभिषेकातही ते होते. जागा लहान आणि शांत आहे, बसगाड्या इथे येत नाहीत. बौद्ध देशात राज्याभिषेकाला ब्राह्मण कशाला, हा प्रश्न बाबांना पडला की बाकीचा प्रवास ते स्वतःच रंगवतील.

दुसरा दिवस नदीचा. सकाळी वाट फोचं देऊळ. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब, 15 मीटर उंच. सगळे चेहऱ्याचा फोटो काढतात, पण तुम्ही तळव्यांपाशी थांबा. शिंपल्याच्या चमकत्या कामात 108 शुभचिन्हं आहेत, त्यात आपल्या ओळखीची निघतील. पाठीमागे भिंतीलगत 108 पितळी वाट्या मांडलेल्या आहेत. वीसेक बाथची सुटी नाणी घ्यायची आणि चालता चालता एकेक टाकत जायचं. सगळ्या दालनात तो टिणटिण आवाज भरून राहतो. मुलीला हे राजवाड्यापेक्षा जास्त आवडेल, पैज लावते. तिकीट 300 बाथ.

याच आवारात थाई मसाजची जुनी शाळा आहे आणि बाहेरच्या चकाचक पार्लरपेक्षा माझा इथल्या हातांवर जास्त विश्वास आहे. बाबांनी अर्धा तास फक्त पायांचा मसाज घ्यावा. गुडघे, रक्तदाब, काही ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा आणि "हळू" म्हणायला लाजू नका. त्यांची बोटं जोरदार असतात.

वाट फोच्या मागेच ता तिएनचा धक्का आहे. पाच-दहा बाथमध्ये होडी पलीकडे वाट अरुणला नेते. सूर्याचा सारथी अरुण, त्याच्या नावाचं हे देऊळ. लांबून ते पांढरं दिसतं, पण जवळ गेल्यावर कळतं की सगळा कळस चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी जडवलाय, फुलंसुद्धा बशीच्या कडा कापून केलेली. पायऱ्या फार उभ्या आहेत, आई-बाबांनी खाली थांबावं. आवाराबाहेर थाई पोशाख भाड्यानं मिळतात, दोन-तीनशे बाथपासून, दागिन्यांसकट. मुलगी आणि तुमची पत्नी दोघींना तासभर द्या, घाई करू नका, कारण घरी गेल्यावर भिंतीवर लागणारा फोटो हाच असतो. तिथल्या तिथे आणखी चार देवळं बघण्यापेक्षा दुपारी हॉटेलवर परत जा आणि झोपा. संध्याकाळी साफान ताक्सिन स्टेशनजवळच्या साथोर्न धक्क्यावरून आयकॉनसियाम मॉलची फुकट होडी सुटते. तळमजल्यावर सूकसियाम नावाचा भाग आहे, तिथे थायलंडच्या निरनिराळ्या प्रांतांचे खाद्यपदार्थ आणि वस्तू एकाच छपराखाली, आत पाणी आणि होड्यांचा देखावाही. कृत्रिम आहे, हो. पण आई-बाबांसाठी स्वच्छ, गार आणि बसायला जागा असलेला "फ्लोटिंग मार्केट" हाच. यादीतलं दामनोएन सादुआक शंभर किलोमीटरवर आहे, अख्खी सकाळ जाते आणि होडीतून दिसतात त्या मुख्यतः इतर पर्यटकांच्या होड्या. काढून टाका. डिनर क्रूझही काढा. शाकाहारी माणसाला तिथे सॅलड आणि भात मिळतो, आणि रात्रीची नदी या फुकट होडीतूनही तेवढीच दिसते.

आता खरेदी, ज्यात पत्नीला खरा रस आहे. तीन बाजार, तीन वेगळ्या गरजा.

शनिवार-रविवार मिळत असेल तर चातुचक. पंधरा हजारांच्या वर गाळे, 27 विभाग. फर्निचरपासून कुंड्यांपर्यंत सगळं. नऊ-दहाला पोचा आणि एकच्या आत बाहेर पडा, पत्र्याखाली दुपारी भट्टी होते. आवडलेली वस्तू तिथेच घ्या. "परत येताना घेऊ" म्हणालात तर तो गाळा पुन्हा सापडत नाही. मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, चुकामूक झाली तर तिथे भेटायचं असं आधी ठरवून ठेवा.

कपड्यांसाठी प्रतूनामचा प्लॅटिनम मॉल. इथली रीत समजून घ्या. रॅकवरच्या पाटीवर बऱ्याचदा दोन आकडे असतात: मोठा एका नगाचा, लहान तीन किंवा जास्त नगांचा. तीन नग एकाच डिझाइनचे हवेत की मिसळून चालतील, हे दुकानागणिक बदलतं, म्हणून बोटांनी खुणा करून विचारा. बाई कॅल्क्युलेटर पुढे करेल, तुम्ही त्यावर तुमचा आकडा टाइप करायचा, ती हसून मान हलवेल, पुन्हा आकडा येईल. घासाघीस होते पण थोडीच. दादर-लिंकिंग रोडच्या सवयीनं निम्म्यावरून सुरू केलंत तर ती कॅल्क्युलेटर खाली ठेवून देते, मग संवाद संपला. आवाज चढवायचा नाही, चेहरा हसरा. ट्रायल रूम बहुतेक ठिकाणी नसते, परत घेत नाहीत, आणि मापं आपल्यापेक्षा लहान असतात. "फ्री साइज"वर विश्वास ठेवू नका, घरून एक नीट बसणारा टॉप नेऊन त्यावर मापून बघा. सकाळी उघडता उघडता गेलात तर एक गंमत दिसेल: पहिलं गिऱ्हाईक पैसे देऊन वळलं की बाई ती नोट रॅकवरच्या सगळ्या कपड्यांना भराभर लावत जाते. बोहनी! पत्नीला अशा वेळी चांगला भाव मिळण्याची शक्यता जास्त. जवळ रोख पैसे ठेवा.

खाऊसाठी आणि छोट्या भेटींसाठी राचदामरी रस्त्यावरचं बिग सी सुपरमार्केट: सुकवलेला आंबा, नारळाच्या वड्या, नाकाला लावायच्या छोट्या नळ्या (याडोम म्हणतात, बाबांना नक्की आवडतील), बाम, हत्तीछाप पिशव्या. पाकिटावरचे घटक बघून घ्या, नारळाच्या चिप्समध्येही कधी कोळंबी निघते. रेशीम घ्यायचं असेल तर आधी नॅशनल स्टेडियम स्टेशनजवळचं जिम थॉम्प्सन हाउस बघा. थाई रेशमाला परदेशात बाजार मिळवून देणारा हा अमेरिकन माणूस 1967 मध्ये मलेशियात फिरायला गेला आणि नाहीसाच झाला. त्याची जुन्या सागवानी घरांची बाग दुपारी दीड तास सावलीत घालवायला सुंदर आहे. शेजारच्या एमबीके मॉलमध्ये मग बाकीचं. फोन आणि इलेक्ट्रॉनिक्स घेऊ नका, भारतापेक्षा स्वस्त पडेलच असं नाही आणि वॉरंटीचा घोळ वेगळा. बुद्धाच्या मोठ्या मूर्ती तर नकोच. त्या देशाबाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो.

मोठ्या दुकानातून एका दिवसात 2,000 बाथच्या वर घेतलंत तर पासपोर्ट दाखवून व्हॅट परताव्याचा फॉर्म मागा. सुवर्णभूमी विमानतळावर सामान चेक-इन करायच्या आधी कस्टमच्या काउंटरवर तो दाखवायचा आणि पैसे इमिग्रेशननंतर घ्यायचे. तिथेच समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे, देव-दानव वासुकी ओढताहेत. बाबांना त्याच्यापुढे बसवा आणि तुम्ही रांगेत उभे राहा.

पोचायच्या पहिल्या संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका, फक्त राचप्रासोंग चौक. एरावन हे चतुर्मुख ब्रह्माचं छोटं मंदिर 1956 मध्ये एका हॉटेलच्या बांधकामातली विघ्नं टळावीत म्हणून उभारलं. लोक नवस बोलतात आणि तो फेडायला तिथल्या नर्तकींना पैसे देऊन नाचवतात, पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की दिसतंच. सेंट्रलवर्ल्ड मॉलसमोर गणपती आहे आणि त्रिमूर्तीही. त्रिमूर्तीपुढे गुरुवारी जोडीदार मिळावा म्हणून तरुण पोरं लाल गुलाब वाहतात. 31 तारखेच्या रात्री मात्र या चौकाकडे फिरकू नका. नववर्षाच्या गर्दीत आई-बाबांना घेऊन उभं राहायची जागा ती नाही.

आईंच्या जेवणाचं. "भाजी" म्हणून मागवलेल्या पदार्थातही नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो, आणि पपईच्या कोशिंबिरीत सुकट. "व्हेज" म्हणून उपयोग नाही, "जे" म्हणा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर अशी खूण ठेल्यांवर आणि पाकिटांवर दिसते. त्या जेवणात मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यालाही चालेल. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात तर हवा तितका खा. तरी सोबत थेपले, मेतकूट आणि छोटी इलेक्ट्रिक किटली ठेवा. रात्री नऊला दमून आल्यावर कुणालाच "जे" शोधायचा उत्साह नसतो. रात्री याओवारातमध्ये, म्हणजे चायनाटाउनच्या खाऊगल्लीत आईंना नेऊ नका, वास सहन होणार नाही. पण तिथला वाट त्राइमितचा साडेपाच टनांचा सोन्याचा बुद्ध दिवसा बघायला हरकत नाही. 1955 मध्ये हलवताना वरचा गिलावा फुटला तेव्हा कुठे आत सोनं आहे हे कळलं.

मुलीसाठी यादीत सफारी आहे, तिला पूर्ण दिवस लागतो. त्याऐवजी एका सकाळी लुंफिनी बागेत जा. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांब घोरपडी निवांत फिरत असतात, तिकीट नाही. छेडायचं मात्र नाही.

तर एजंटला सांगायचं ते एवढं: पट्टाया, जेम गॅलरी, दामनोएन सादुआक, क्रूझ आणि सफारी बाहेर, चारही रात्री असोकला, राजवाडा कामाच्या दिवशी. आणि तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड प्रत्येकाचं वेगळं भरा, मुलीचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट असतात, सरकारी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरूनच भरा. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तेही त्याच वेळी बघून घ्या. तारखा पक्क्या झाल्या की मुक्कामात शनिवार कुठे पडतो ते इथेच कळवा, चातुचक आणि राजवाड्याचे दिवस त्याप्रमाणे बसवून देते.